जागेवर बसलेला उत्प्रेरक

चि. सानिका,


शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एन्झाइमचा विषय घ्यावा की घन उत्प्रेरकांचा, असं तू विचारलंस. एन्झाइमचं रसायनशास्त्र स्वच्छ आणि भट्ट्यांचं, आम्लांचं घाण, अशी एक विभागणी तुझ्या पत्रात डोकावते. ती मला मुळीच पटलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारखान्यात गंधकाम्ल मोकळं सोडलेलं असो की एन्झाइम, दोन्हींची अडचण एकच असते. काम झाल्यावर त्याला मालातून बाहेर कसं काढायचं? एस्टर बनवताना टाकलेलं गंधकाम्ल शेवटी अल्कली घालून मारावं लागतं. त्याचं मीठ होतं, मीठ धुवायला पाणी लागतं आणि ते खारट पाणी कुठे तरी सोडावं लागतं. पुस्तकातल्या समीकरणात यातलं काहीच दिसत नाही, कारण उत्प्रेरक बाणाच्या डोक्यावर लिहिलेला असतो आणि तिथेच त्याचा विषय संपतो. रॉजर शेल्डन यांनी 1992 साली साधा हिशेब मांडला: एक किलो मालामागे किती किलो कचरा? औषधउद्योगात हा आकडा 25 ते 100 निघाला, तर तेलशुद्धीकरणात सुमारे 0.1. ज्या उद्योगाला आपण सगळ्यांत घाण समजतो, त्याचाच आकडा सगळ्यांत लहान. याचं एक मोठं कारण म्हणजे तिथला उत्प्रेरक घन असतो आणि तो मालाबरोबर वाहून जात नाही. मसाल्याची पुरचुंडी पुलावातून उचलून घ्यावी तसा तो वेगळा राहतो.

एन्झाइमवाल्यांनीही हाच मार्ग धरला. 1916 मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसलं की साखर फोडणारं इन्व्हर्टेज कोळशावर चिकटलं तरी काम करतच राहतं. पण कारखान्यात ही कल्पना यायला 1969 उजाडलं. जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांनी अमायनोअॅसिलेज एका घन आधारावर बसवलं आणि त्यातून अमिनो आम्लं सलग बनवायला सुरुवात केली. चारच वर्षांनी त्यांनी एन्झाइम वेगळं काढण्याची खटपटही सोडली. आख्ख्या जिवाणूपेशीच जेलमध्ये अडकवून ते अॅस्पार्टिक आम्ल करू लागले. (व्हिनेगर करणारे तर एकोणिसाव्या शतकातच लाकडाच्या कपच्यांवर जिवाणू वाढवून वरून मद्यार्क सोडत होते. पेशी जागेवर बसवण्याची कला नावाआधीची आहे.)

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते पेनिसिलिनचं उदाहरण. पिंपरीत 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, हे तुला ठाऊक आहे. बुरशी जे पेनिसिलिन-जी देते, त्याची एक बाजूची साखळी कापून टाकली की 6-एपीए नावाचा गाभा उरतो. त्याला दुसऱ्या साखळ्या जोडल्या की अँपिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन मिळतं. ही एक साखळी कापायला पूर्वी काय करावं लागे बघ. रेणूचं एक टोक आधी झाकायचं, डायक्लोरोमिथेनमध्ये फॉस्फरस पेंटाक्लोराइड घालायचं, तापमान उणे 40 अंशांपर्यंत उतरवायचं, कारण जरा गरम झालं की जो नाजूक चौकोनी गाभा वाचवायचा तोच तुटतो. ओलाव्याचा लवलेशही चालत नाही. पेनिसिलिन अॅसिलेज हे एन्झाइम तेच काम साध्या पाण्यात, 37 अंशांच्या आसपास करतं आणि गाभ्याला हात लावत नाही.

पण मोकळं एन्झाइम एकदा वापरून फेकून देणं परवडणारं नव्हतं. ते मण्यांवर पक्कं बसवलं, तेव्हा कुठे हा मार्ग कारखान्याचा झाला. तेच मणी शेकडो बॅचना पुरतात. आपल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पिंपरीच्या त्या कारखान्याच्या संशोधन विभागात या एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम झालं, याचा मला अभिमान वाटतो.

यातली खरी गंमत मात्र बारकाव्यांत आहे. साखळी तुटली की फिनाइल अॅसेटिक आम्ल सुटतं आणि पीएच घसरतो. मणी उभ्या नळकांड्यात ठासून भरले, तर वरच्या थराला ठीक, पण खाली जाता जाता द्रव आंबट होत जातो आणि खालचे मणी जवळजवळ काम थांबवतात. म्हणून इथे ढवळण्याची टाकी सोयीची पडते. थेंबथेंब अल्कली सोडत पीएच 8 च्या आसपास धरायचा, शेवटी मणी जाळीवर अडवायचे, मग द्रवाचा पीएच 4 च्या जरा वर आणला की 6-एपीएचे स्फटिक खाली बसतात. आणि ते सुटलेलं फिनाइल अॅसेटिक आम्ल? बुरशीला पेनिसिलिन-जी करताना तेच लागतं, म्हणून ते शुद्ध करून पुन्हा किण्वनाला देता येतं. एन्झाइम निवडणं, मणी निवडणं, टाकी निवडणं ही तीन वेगळी माणसं तीन खोल्यांत बसून करू लागली, तर असा कारखाना उभा राहत नाही.

आता भट्टीच्या बाजूला ये. मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या कॅटॅलिटिक क्रॅकरमध्ये झिओलाइटयुक्त बारीक पूड जड तेलाच्या वाफेबरोबर 500 अंशांच्या वर धावते. काही सेकंदांतच तिच्यावर कोळसा चढतो आणि ती निकामी होते. मग ती शेजारच्या पात्रात जाते, तिथे हवेत कोळसा जळतो, आणि त्याच उष्णतेवर तापून पूड परत कामाला येते. निकामी होण्यातूनच पुढच्या फेरीची उष्णता मिळवणारी ही रचना मला आजही अत्यंत सुंदर वाटते.

झिओलाइट हे सच्छिद्र खनिज आपल्या दख्खनच्या दगडाचंच लेणं आहे. नाशिक, जळगाव, पुण्याकडच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट मिळतात, जगभरचे संग्राहक ते घेऊन जातात. कारखान्यात मात्र कृत्रिम झिओलाइट लागतात, कारण छिद्राचा आकार नेमका हवा असतो. झेडएसएम-5 या झिओलाइटची छिद्रं जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची. पॅरा-झायलिन त्यातून सहज निसटतं, त्याची ऑर्थो आणि मेटा भावंडं अडखळतात. पॉलिएस्टरला पॅरा-झायलिनच लागतं. डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक घडवले, आणि 1980 च्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत झायलिनसाठी ते वापरात आले. आयात उत्प्रेरकावर चालणाऱ्या संयंत्रात आपला उत्प्रेरक घालायला लागणारी हिंमत कमी नव्हे.

म्हणजे जागेवर बसवलं की सगळं साधलं का? नाही, आणि हे तुला आधीच सांगणं मला गरजेचं वाटतं. सोडियम अल्जिनेटमध्ये यीस्ट कालवून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब सोडले की सुरेख मणी होतात. हा प्रयोग कॉलेजात सगळेच करतात. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तो अवघड होऊन बसतो. मळीतला गाळ मण्यांच्या फटींत बसतो, आत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड मणी फोडतो, फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी विरघळू लागतात. शिवाय मणी मोठा असेल तर साखर मधोमध पोहोचण्याआधीच संपते. बाहेरचा थर राबतो आणि गाभा उपाशी राहतो. भिजलेल्या मण्याचं आणि सच्छिद्र उत्प्रेरकाच्या गोळीचं गणित इथे एकच आहे. डॉ. एल. के. दोराईस्वामी आणि डॉ. एम. एम. शर्मा यांचा ‘हेटरोजीनियस रिअॅक्शन्स’ हा 1984 चा ग्रंथ ग्रंथालयातून काढ. जड आहे, पण पुण्याच्या आणि माटुंग्याच्या रासायनिक अभियांत्रिकीच्या परंपरेने जगाला दिलेलं ते देणं आहे.

दुसरी मर्यादा याहून मूलभूत आहे. पानिपतला 2022 पासून भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना आहे, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. पेंढ्यातलं सेल्युलोज स्वतःच घन. ते फोडणारं एन्झाइम मण्याच्या आत बसवलं, तर एक घन दुसऱ्या घनापर्यंत पोहोचणार कसा? तिथे एन्झाइमने मोकळं फिरून धाग्याला जाऊन भिडावंच लागतं. शेवटच्या टप्प्यावरचं, विरघळलेल्या सेलोबायोजवर काम करणारं बीटा-ग्लुकोसिडेज मात्र बसवता येतं. कोणाला बांधायचं आणि कोणाला मोकळं सोडायचं, हे समोरच्या पदार्थावर ठरतं.

तेव्हा माझं मत विचारशील तर बायोडिझेलसाठी घन उत्प्रेरक हा विषय घे. आज बहुतेक ठिकाणी विरघळणारी अल्कली वापरतात. ती ग्लिसरीनमध्ये उतरते, आणि तळणीच्या वापरलेल्या तेलात मुक्त आम्लं असली की साबण होतो. फ्रान्समध्ये सेत इथे 2006 मध्ये जस्त-अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या घन उत्प्रेरकावर संयंत्र चालू झालं. लायपेज बसवलेले मणीही आहेत, पण मिथेनॉल एकदम ओतलं की ते एन्झाइम मरतं, म्हणून थोडं थोडं घालावं लागतं. दोन्ही वापरून बघ, तुलना कर.

एक अट मात्र माझी. कॅल्शियम ऑक्साइडसारखे कित्येक ‘घन’ उत्प्रेरक मिथेनॉलमध्ये थोडे विरघळतात आणि काम तो विरघळलेला भागच करत असतो. अभिक्रिया निम्मी झाली की गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढ आणि उरलेला द्रव तसाच ढवळत ठेव. अभिक्रिया पुढे चालूच राहिली, तर तुझा उत्प्रेरक जागेवर नाही. तोच उत्प्रेरक पाचव्या, दहाव्या बॅचला किती काम करतो तेही मोज, आणि आकडे वाईट आले तरी अहवालात जसेच्या तसे लिही. पहिल्या बॅचचा सुंदर आकडा कोणीही दाखवतं. मला तुझी दहावी बॅच बघायची आहे.

तुझी,
आत्या