बोलण्याला उत्तर लागतं

मूल ऐकून ऐकून बोलायला शिकतं, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण पुरतं नाही. ऐकण्याच्या जोडीला त्याला उत्तर मिळावं लागतं. त्याने आवाज काढला, बोट दाखवलं, की समोरच्या माणसाने दखल घ्यायची, काहीतरी बोलायचं आणि पुन्हा त्याच्या पाळीची वाट बघायची. लहान मूल आणि मोबाईल यांविषयी जे काही सांगण्यासारखं आहे, ते मला या एका गोष्टीतूनच निघताना दिसतं.

वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या एखाद्या वाडीतली ओटी डोळ्यांसमोर आणा. आजी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडतेय. शेजारी दीड वर्षाचा नातू. अंगणातून कोंबडी पळाली, त्याने बोट केलं आणि ‘को’ असा काहीसा आवाज काढला. आजीचा हात चालूच, नजर तेवढी वर आली. “कोंबडी व्हय रं? कुठं पळाली कोंबडी?” नातू पुन्हा ओरडला. “आन् पिल्लं कुठायत तिची?”

एवढ्यात काय काय घडलं ते सावकाश बघू. मुलाचं लक्ष जिथे होतं, तिथलाच शब्द त्याला मिळाला, आणि कोंबडी दिसत असतानाच मिळाला. तो दोनदा कानावर आला, दोन वेगळ्या वाक्यांत. मग आजीने प्रश्न विचारून त्याच्यासाठी जागा सोडली. आपण आवाज काढला की माणूस वळतो, हे त्याला कळलं. बोलावंसं वाटायला याहून मोठं कारण कुठलं?

आता तीच कोंबडी मोबाईलवर. रंग झकास, उच्चार स्वच्छ, शब्द तर आजीपेक्षा कितीतरी जास्त. पण मुलाने बोट दाखवलेलं मोबाईलला कळत नाही. ते ‘को’ म्हणेपर्यंत गाय आलेली असते, गाईमागून मोटार. मुलाची पाळी येतच नाही.

याची परीक्षा अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी घेतली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात इंग्रजीभाषक घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या, गोष्टी वाचल्या. अशा बारा बैठका झाल्या. त्या बाळांना चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणं, पण चित्रफितीवर दाखवलं. त्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही.

मग दोष पडद्याच्या काचेचा का? तसंही नाही. २०१४ सालच्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं नवी क्रियापदं व्हिडिओ कॉलवरून शिकली, अगदी समोरासमोर शिकावीत तशी. आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून मात्र शिकली नाहीत. भोर आणि वेल्हे इथल्या घरांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. या डोंगरी भागातून पुण्यामुंबईला कामाला गेलेले बाप कमी नाहीत. रात्री बाप फोनवर दिसतो, “आज काय जेवला रं?” विचारतो, पोराच्या ‘भा’ला ‘भात खाल्ला व्हय’ म्हणतो. तो वेळ वाया गेला असं कुणी मानू नये. तिथे उत्तर आहे.

जिथे उत्तर नाही, तिथे आणखी एक नुकसान होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पडदा चालू असला की घरातली माणसंही गप्प होतात. २००९ साली संशोधक डिमिट्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून मोजलं. घरात टीव्ही ऐकू येत असलेल्या दर तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी भरले. मग टीव्ही मूल बघतंय की आजोबा, याला फारसं महत्त्व उरत नाही. आईबापांच्या स्वतःच्या हातातल्या मोबाईलचंही तेच. मूल ‘को’ म्हणतं, आई मान खाली घालून ‘हं’ म्हणते, आणि देवघेव तिथेच तुटते.

हे वाचून कुणी आईला बोल लावू नये. आषाढात लावणी सुरू झाली की सगळं घर खाचरात असतं. शहरात गेलेल्या घरात तर आजीही नाही. एका बाईने स्वयंपाक, पाणी, कामाची वेळ आणि रांगतं मूल कसं सांभाळावं? पूर्वी जे पाच-सहा जणांत वाटलेलं होतं, ते मोबाईलवर आलं आहे. त्यामुळे उपायही सगळ्यांनी मिळूनच करायचा असतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी ते होतं, पण अशा दीड तासात घरातलं तान्हंही बोलणं ऐकतं.

नियम थोडक्यात सांगायचा तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा नको, एक ते दोन वर्षांच्यालाही नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या आत. दाखवायचंच तर शेजारी बसावं, मध्ये थांबवून “मोटार कुठं गेली?” विचारावं आणि मुलाला वेळ द्यावा. घाईने आपणच उत्तर देऊ नये.

‘कार्टून बघून आमचा हिंदी बोलतो, इंग्रजी रंग म्हणतो’ असं कौतुकाने सांगितलं जातं. तो पाणी मागतो का, हाक मारली की वळतो का, हे आधी बघावं. दोन वर्षांचं मूल ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर मोबाईल काढून घेऊन नुसती वाट बघू नका. आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल, तर आजीची सगळी उत्तरं वाऱ्यावर जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, वाढीतला उशीर पाहणं हेही त्याचं काम आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला खाचरावर नेऊ नका, आणि ‘हा बोलत नाही’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.