वरचे पाणी

आमचे गडब गाव पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. मोटारीतून जाणाऱ्याला दिसते ते रस्त्यावरचे गडब. जुने गाव मात्र खाडीकडे तोंड करून बसलेले. आमचे आजोबा मचव्यावर तांडेल होते. घरात घड्याळ आले तरी त्यांचा दिवस भरती-सुकतीवरच चाले. धरमतरच्या खाडीतून अंबा नदीने वर नागोठण्याला मचवा न्यायचा, तर उधाणाची भरती साधावी लागे. भांगाच्या दिवसांत पाणी चढत नसे, मचवा चिखलात बसे. मग खलाशी काठावर उतरत, नागोठण्याचा बाजार हिंडत, सोळाव्या शतकातल्या त्या दगडी पुलावर बसून विड्या ओढत. आजोबा म्हणत, गाव पाहावे ते मचवा अडकल्यावर. ज्याला पुढे जायची घाई आहे, त्याला गाव दिसत नाही.

आजोबांचे हे बोलणे मला आठवले ते एका पत्रामुळे. माझा एक विद्यार्थी इंग्लंडात नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने बायकामुलांसह एक लांबट, अरुंद होडी भाड्याने घेतली आणि केनेट-एव्हन नावाच्या कालव्यातून आठ दिवस प्रवास केला. हा कालवा 1810 साली पुरा झाला. पुढे आगगाडी आली आणि तो ओस पडला. पुष्कळ हौशी माणसांनी वर्षानुवर्षे खपून तो साफ केला, तेव्हा 1990 मध्ये पुन्हा सलग वाहता झाला. वाटेत डिव्हायझेस गावापाशी टेकडी आहे. ती चढायला एकामागून एक एकोणतीस जलपाश आहेत. पोराने दिवसभर दारे ढकलली आणि हाताला फोड आणले. रात्री होडी काठाला बांधायची आणि सकाळी गाव पाहायचे, असा त्याचा क्रम. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथे त्याने चौदाव्या शतकातली प्रचंड दगडी वखार पाहिली. कुळांकडून मठाला येणारे धान्य तिथे साठवीत. त्याने लिहिले होते, “गुरुजी, आत उभा राहिलो आणि पणजोबांनी खोताच्या अंगणात ओतलेल्या भाताची आठवण झाली.”

जलपाश हा शब्द आपण भूगोलाच्या पुस्तकात पाठ केला आणि विसरलो. गोष्ट साधी आहे. कालव्याचे पाणी एकीकडे उंच, दुसरीकडे खोल. मधे दोन दारांचा एक हौद. होडी खालून आली की हौदात शिरते, मागचे दार लावतात आणि वरच्या दाराची लहानशी झडप उघडतात. वरचे पाणी हळूहळू हौदात येते. होडी त्याच्याबरोबर उचलली जाते. दोन्हीकडचे पाणी सारखे झाले की ते अवजड दार एक माणूस पाठीने रेटून उघडतो. त्याआधी दहा माणसे लागली तरी ते हलत नाही, कारण पाण्याचा दाबच ते मिटून धरतो.

हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. वडील मुंबईला गोदीत कामाला होते. इंदिरा गोदी, म्हणजे पूर्वीची 1914 सालची अलेक्झांड्रा गोदी, हिच्या तोंडाशी असाच एक जलपाश आहे. बाहेर समुद्र चढो वा उतरो, आत जहाज तरंगते राहावे म्हणून तो बांधलेला. एकदा वडिलांनी मला तो दाखवला. जहाज हौदात उभे होते. मला घाई झाली. विचारले, दार का उघडत नाहीत? वडील म्हणाले, “पानी सारका झाल्याबिगर दार नाय उघरत, बाला.”

त्या उत्तराचा मी आजवर एकच अर्थ लावीत आलो. धीर धरा, वेळ आली की दार उघडेल. वर्गात मुलांना हेच सांगितले. माझ्या कादंबऱ्यांतली शहाणी माणसेही हेच बोलतात. पण पत्र वाचून मी कागदावर त्या हौदाची आकृती काढली आणि एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. होडी वर चढायची असो की खाली उतरायची, पाणी दर वेळी वरूनच खाली येते. चढताना वरचा कालवा हौदाला देतो. उतरताना भरलेला हौद खालच्या कालव्याला देतो. खालच्या पाण्याने कितीही धीर धरला, तरी ते आपण होऊन तसूभर वर चढत नाही. पनामाचा कालवा घ्या. समुद्रापासून सव्वीस मीटर उंच गातून सरोवरापर्यंत जहाजे चढतात, तीही वरच्या गोड्या पाण्याच्या जिवावर, पंपाशिवाय. 2023 साली पाऊस कमी पडला, सरोवर खाली गेले, तेव्हा रोज सोडायच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली आणि जहाजे दोन्ही समुद्रांत ताटकळत उभी राहिली.

म्हणजे धीराचा उपदेश कोणाला करायचा, हा खरा प्रश्न आहे. वरच्याने खालच्याला ‘वाट पाहा’ म्हणणे फार सोपे असते. आमच्याच जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली 1933 साली खोतांच्या जमिनी कसायचे थांबवले, ते 1939 पर्यंत. तेही वाट पाहणेच होते. पण हात जोडून पाहिलेली ती वाट नव्हती. शेत पडीक, पोटाला चिमटा आणि तोंडाने नकार. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर. वरच्याने झडप उघडली नाही, तर खालच्याने काय करावे हे त्या माणसांनी दाखवले. त्यांना धीर शिकवायला कोणी गुरुजी लागला नाही.

आता माझे सांगतो. वाचकहो, दिवाळीच्या अंकात घरातले रडगाणे नको, हे मी जाणतो. पण ज्याने दुसऱ्यांना उपदेश केला, त्याने आपला हिशेब लपवू नये.

वडील वारल्यावर मी धाकट्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. 2005 च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला आहे, हे मला ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते. ती काही बोलली नाही, सही करून चहा पिऊन गेली. दोन वर्षांनी रस्त्याकडेचा तुकडा चांगल्या किमतीला गेला. मी घर वाढवले. त्या भाऊबिजेला मी तिच्या तबकात नेहमीपेक्षा मोठी नोट टाकली. तिने ती उचलून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “दादा, ओवाळते मी. पण तबकात काही टाकू नकोस.”

तेव्हापासून मी तिच्याकडे गेलो नाही. सात भाऊबिजा झाल्या. विचारणाऱ्याला सांगत आलो, ‘तिचा राग उतरू दे, मी वाट पाहतो आहे.’ भांडणात एक गंमत असते. आपली बाजू सांगताना प्रत्येक जण उंचावर असतो आणि देण्याची वेळ आली की खाली जाऊन बसतो. मीही तेच केले. सातबारा माझ्या नावाचा, घर माझे, गावात ‘गुरुजी’ म्हणून मान माझा. मी वरचे पाणी होतो आणि खालच्याने वर यावे म्हणून दार धरून बसलो होतो.

आमच्या खारबांधाला उघाडी असते. भरतीचे खारे पाणी आत रेटू लागले की तिचे फळकूट आपोआप मिटते. सुकती लागली की शेतात तुंबलेले पावसाचे पाणी तेच फळकूट ढकलून बाहेर पडते. ती उघाडी चिखलाने बुजली, तर शेत आतल्याच पाण्याने कुजते. खाऱ्या पाण्याचा त्यात काही दोष नसतो. बांध आपण खाऱ्या पाण्यासाठी घालतो. माझी बहीण खारे पाणी नव्हती.

गेल्या महिन्यात मी त्या विक्रीतला तिचा अर्धा हिस्सा तिच्या नावे बँकेत ठेवला. घराचे एक काम त्यासाठी थांबवले. बायको प्रथम रागावली, मग म्हणाली, “इतकी वर्षे लागली?” त्यावर मला उत्तर नव्हते.

यंदा भाऊबिजेला मी जाणार आहे. पावती बरोबर नेईन, पण ती तबकात टाकणार नाही. ओवाळणी देणारा वर असतो, देणे फेडणारा नसतो. ती आधी तिच्या हातात देईन आणि मग पाटावर बसेन, तिने बस म्हटले तर. सात वर्षांत किती अंतर पडले, ते भरायला किती वेळ लागेल, हे तिने ठरवायचे. आता मात्र वाट पाहण्याची पाळी खरोखर माझी आहे. नागोठण्याच्या चिखलात आजोबा बसत, तसा मीही तिच्या गावी थोडा बसेन. इतक्या वर्षांत ते गाव मी कधी धड पाहिलेले नाही.