पुसता येईल अशी शाई

काळ्या रंगावर उन्हाचे काही चालत नाही. निदान चित्रकार ज्याला काळा म्हणतात त्यावर तरी नाही. दिव्याची काजळी, जाळलेल्या हाडांचा कोळसा, लोहाचा काळा ऑक्साइड, यांतला कुठलाही घ्या. शेजारचा किरमिजी विटतो, पिवळा मरतो, काळा होता तसाच राहतो. रंगाचा टिकाऊपणा मोजायची एक आंतरराष्ट्रीय पट्टी आहे. तिच्यात निळ्या रंगवलेल्या लोकरी कापडाचे 8 तुकडे असतात. पहिला सर्वांत लवकर विटतो, आठवा सर्वांत उशिरा. काजळीला या आठव्याच्या पंगतीत बसवतात.

कारण रसायनात आहे. बहुतेक सेंद्रिय रंगांचा रंग रेणूतल्या बंधांच्या एका नाजूक साखळीवर अवलंबून असतो. प्रकाशाने ती साखळी तोडली की रंग गेला. काजळीत तोडण्यासारखी साखळी नाही. ती जवळजवळ निव्वळ कार्बन, षट्कोनी कड्यांचे थरावर थर. दिसणारा जवळपास सगळा प्रकाश ती गिळते, त्याची उष्णता करून बाहेर टाकते आणि स्वतः बदलत नाही. नेहमीच्या तापमानाला हवा, पाणी, सौम्य आम्ल यांपैकी कुणाशीच तिला देणेघेणे नसते. हा अलिप्तपणा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

सगळ्या काळ्या शाया मात्र काजळीच्या नसतात. युरोपात मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत राज्य केले ते मायफळ आणि हिराकसाच्या शाईने. मायफळातले टॅनिन आणि हिराकसातले लोह एकत्र आले की आधी फिकट द्रव होतो, आणि हवेतला प्राणवायू लागला की तो काळा पडतो. हा काळेपणा उसना. काळाच्या ओघात तो तपकिरी होतो, उजेडात लवकर, आणि शाईतले आम्ल व लोह मिळून कागदाला भोकेही पाडतात. अमेरिकेचा 1776चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच जातीच्या शाईत लिहिलेला आहे. 1841 ते 1876 अशी पस्तीस वर्षे तो वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसच्या इमारतीत भिंतीवर उजेडात टांगून ठेवला होता. आज तो वाचायला डोळे ताणावे लागतात. उलट मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत 1947पासून सापडलेल्या गुंडाळ्या जवळपास दोन हजार वर्षांच्या. त्यांतली बरीचशी शाई काजळीची आणि अक्षर अजून काळे.

तेव्हा पवित्र ग्रंथ लिहिणाऱ्यांनी काजळीच निवडली असेल आणि ती टिकते म्हणून निवडली असेल, असे वाटणे साहजिक आहे. अर्धे खरे आहे. ज्यू परंपरेतल्या जुन्या आचार्यांनी काजळी निवडली. पण तिच्या बाजूने त्यांनी मांडलेला सर्वांत धारदार युक्तिवाद टिकण्याचा नव्हता, पुसले जाण्याचा होता.

दुसऱ्या शतकातले रब्बी मेईर हे धर्मपंडित, आणि पोटापाण्यासाठी लेखनिक. शाई पक्की व्हावी म्हणून ते तिच्यात हिराकसासारखा एक क्षार घालत. तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या ‘एरुविन’ या भागात ही हकिकत येते. त्यांचे गुरू रब्बी इश्माएल यांनी त्यांना कामाविषयी विचारले. हे स्वर्गाचे काम आहे, एक अक्षर गाळले किंवा वाढवले तरी जगाचा नाश ओढवेल, असे बजावले. मेईर यांनी आपली युक्ती सांगितली, आणि इश्माएल तिथेच अडले. शास्त्राला जे लेखन हवे ते पुसता येणारे, मग त्यात क्षार कसा चालेल, असा त्यांचा आक्षेप. गंमत अशी की याच हकिकतीचे दुसरे रूपही तालमुदात आहे आणि तिथे आक्षेप घेणारे गुरू रब्बी अकिवा आहेत, गप्प राहणारे इश्माएल. कोण बोलले यावर एकमत नाही. काय बोलले ते मात्र दोन्हीकडे टिकले आहे.

पुसता येण्याची ही अट आली बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातून. नवऱ्याला बायकोचा संशय आला आणि साक्षीदार नसले, तर तिला याजकापुढे आणायचे. याजक शापाचे शब्द लिहून काढणार, मग ती अक्षरे पाण्यात धुणार आणि ते कडू पाणी तिला पाजणार. दोषी असेल तर तिचे पोट फुगेल, निर्दोष असेल तर तिला मूल होईल. विधी एकतर्फीच. संशयी नवऱ्याला कुठलेही पाणी प्यावे लागत नव्हते, आणि ही गोष्ट कितीही धार्मिक बारकाव्यांनी झाकली तरी झाकत नाही. पहिल्या शतकात योहानान बेन झक्काई यांनी हा विधी बंद केला, व्यभिचारच फार वाढला म्हणून, असे मिश्ना, म्हणजे तालमुदाच्या मुळाशी असलेली नियमसंहिता, सांगते. पण विधी संपला तरी त्याने उभा केलेला प्रश्न संपला नाही, कारण धुवायच्या त्या मजकुरात देवाचे नाव होते.

एरवी देवाचे नाव पुसणे हे घोर पाप. झिजलेली पोथीसुद्धा फेकायची नाही, कोठडीत ठेवायची किंवा जमिनीत पुरायची. कैरोच्या बेन एझरा सिनेगॉगमधल्या अशाच एका कोठडीतून सॉलोमन शेख्तर यांनी 1896-97च्या हिवाळ्यात कागदांचा डोंगर केंब्रिजला नेला. आज तिथे त्याचे दोन लाखांच्या आसपास तुकडे आहेत, आणि त्यांत बाजारहिशेबही आहेत, कारण हिब्रू अक्षर टाकवत नव्हते म्हणून लोक काहीही तिथे ठेवत. असा हा समाज, आणि त्याच समाजाच्या शास्त्रात देव स्वतःचेच नाव पाण्यात धुवा म्हणतो. आचार्यांनी अर्थ लावला तो असा: नवरा-बायकोत समेट घडणार असेल तर देव आपल्या नावाचा मान बाजूला ठेवतो. या अर्थाने विधीतला अन्याय धुऊन निघत नाही. पण नावाची पवित्रता त्याच्या अक्षय असण्यात आहे हे गृहीतक मात्र तो मोडतो. मराठी वाचकाला इथे इंद्रायणी आठवेल. देहूच्या कथेत शब्द पाण्यातून कोरडे परत येतात आणि त्यातच त्यांची परीक्षा होते. जेरुसलेमच्या विधीत शब्दाने विरघळलेच पाहिजे, नाहीतर विधी होतच नाही.

मिश्ना शाईबद्दल नेमके नियम घालते: या विधीसाठी डिंकाने लिहायचे नाही, क्षाराने नाही, ठसा सोडणाऱ्या कशानेही नाही. फक्त साधी काजळीची शाई. तरी जेरुसलेमच्या मंदिरात मजकुराची एक कायमची प्रत होती. अदियाबेनची राणी हेलेना हिने तो उतारा सोन्याच्या पत्र्यावर कोरून दिला होता, असे मिश्नात नोंदले आहे. नमुना सोन्याचा, वापरायची प्रत काजळीची. न विटणारे आणि न मिटणारे यांत फरक आहे, हे त्या काळच्या लोकांना पक्के कळत होते.

कार्बनचा तो अलिप्तपणा इथे कामाला येतो. काजळीचे कण कातड्यात मुरत नाहीत, वर बसतात. डिंक त्यांना धरून ठेवतो, डिंक भिजला की ते सुटतात. ज्या स्वभावामुळे प्रकाश काजळीला बदलू शकत नाही, त्याच स्वभावामुळे ती पानालाही चिकटून राहत नाही. लोहशाईचे उलटे. ती कातड्याशी नाते जोडते, म्हणून पाण्याला पुरून उरते आणि म्हणूनच काळाबरोबर रंग बदलते. दोन्ही गुण एका शाईत आणायला जाणारे रब्बी मेईर काहीतरी फार मोठे मागत होते.

लोहशाई किती हट्टी असते हे आर्किमिडीजच्या पोथीने दाखवले. दहाव्या शतकात उतरवलेला त्याचा ग्रंथ कुणीतरी खरवडून धुतला आणि त्याच कातड्यावर 1229मध्ये प्रार्थना लिहिल्या. पुसणाऱ्याने काम चोख केले होते, तरी लोहाचे अंश कातड्यात राहिले आणि एकविसाव्या शतकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या क्ष-किरणांनी ते पुन्हा वाचले. गणितासाठी ही आनंदाचीच बातमी. पण त्या संशयित बाईचा शाप असा लोहशाईत लिहिला असता तर? पाणी पिऊन ती निर्दोष ठरली असती आणि आरोप कातड्यात मुरून राहिला असता. इश्माएल यांना क्ष-किरण ठाऊक नव्हते. पुसलेले खरोखर पुसले जावे एवढे त्यांना हवे होते.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू पंडितांनी आपल्या धर्मसंहितेत शाईची कृतीच दिली. तेल, डांबर, मेण यांची काजळी धरायची, झाडाचा डिंक आणि थोडा मध घालून मळायची, वड्या थापून वाळवायच्या, आणि लिहिताना मायफळाच्या पाण्यात भिजवायच्या. ही शाई सर्वोत्तम. लगेच पुढे मायफळ-हिराकसाची न मिटणारी शाईही चालते, अशी सूट. एकच गोष्ट ठाम: रंग काळाच हवा. एक अक्षर जरी लाल, हिरवे किंवा सोनेरी झाले तरी तोराची, म्हणजे मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी पाठाला चालत नाही. आज बहुतेक सोफेर, म्हणजे हे लिहिणारे लेखनिक, हिराकसाचीच शाई वापरतात. म्हणजे व्यवहारात जिंकले ते मेईर. त्यासाठी एक प्रश्न मात्र गळ्यात आला. वर्षांनी शाई तांबूस झाली तर ती ‘काळी’ मानायची का, यावर पुढच्या पंडितांनी बराच काथ्याकूट केला आहे. काजळीच्या गुंडाळीला हा प्रश्न पडत नाही. तिचे दुखणे वेगळे. ती पापुद्रे धरून गळते, आणि 3,04,805 अक्षरांपैकी एकही मोडले तरी दुरुस्तीपर्यंत गुंडाळी बाद.

या सगळ्या वादात ऊन जवळजवळ येतच नाही. तोरा कपाटात झाकलेली असते, दाराच्या चौकटीवरचा मेझुझा हा मजकूर नळीत गुंडाळलेला, कपाळावर बांधायचे मजकूर कातडी डबीत शिवलेले. काजळीचा जो गुण आज प्रयोगशाळेत मोजला जातो, त्याची या लोकांना फारशी गरज नव्हती. कोकणातल्या बेने इस्राएलांना तर पिढ्यान्‌पिढ्या शाईचीही गरज भासली नाही. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जाणारे हे मराठी ज्यू हिब्रू विसरले होते. ग्रंथ जवळ नव्हते. उरली होती ती मुखोद्गत ‘शेमा’ प्रार्थना. 1796मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. तोवर या ज्यूंनी आपला देव काजळीशिवायच सांभाळला होता, आणि काजळी धरायला लागणारे तेल मात्र रोज त्यांच्याच घाण्यातून निघत होते.