टेबलाच्या टोकाला बसलेला मुलगा



मे महिन्यात शाळा सुटल्या की आपल्या वसईतली कितीतरी कुटुंबे गोव्याला जातात. दोन-तीन भावंडांची घरे मिळून खोल्या घेतात. दिवसभर समुद्र, एखादे जुने चर्च, दुपारी मासे आणि झोप. संध्याकाळी मोठ्यांना ‘जरा बसायचे’ असते. लहान मुले आजीपाशी राहतात. प्रश्न येतो तो चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा. आजीपाशी झोपण्याएवढा तो लहान नसतो आणि खोलीत एकटा मोबाईल घेऊन बसलेला आपल्याला नको असतो. मग आपण म्हणतो, “चल तूही. थम्सअप घे.”

2023 च्या मे महिन्यात आमच्याकडेही असेच झाले. तीन संध्याकाळी माझा पंधरा वर्षांचा मुलगा आमच्याबरोबर बारमध्ये आला. टेबलाच्या टोकाला बसायचा, वेफर्स खायचा, मधूनच हसायचा. खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी त्याला मजाही वाटली. माझ्या वडिलांच्या दोन गोष्टी भावाने त्या टेबलावर सांगितल्या, त्या त्याने घरात कधी ऐकल्या नव्हत्या. तिसऱ्या रात्री निघताना मी भाड्याच्या स्कूटरची चावी खिशात चाचपू लागलो. ती त्याच्याकडे होती.

“पप्पा, आपण टॅक्सीने जाऊ या,” तो म्हणाला. काकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

“अरे, तीनच तर घेतल्या.”

“चार.”

तीन रात्री आम्ही गप्पा मारत होतो आणि तो मोजत होता.

या विषयावर आपल्यात वाद होतो तो बहुधा घोटाचा. मुलाला चव द्यावी की देऊ नये? ‘आपल्यासमोर शिकला तर बाहेर बिघडणार नाही’ असे पुष्कळजण मनापासून मानतात. कोणीतरी कानाच्या लग्नाचाही दाखला देतो. तो तर आपल्याकडे बाटली उघडायच्या आधीच निघतो! कायद्याचे उत्तर सरळ आहे. गोव्यात दारू पिण्याचे वय 21 आहे; महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी 21, कडक दारूसाठी 25. ‘आपल्यासमोर शिकेल’ या समजुतीचीही पडताळणी झाली आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे 1,900 मुलांचा सहा वर्षे मागोवा घेतलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी स्वतः दारू दिल्यामुळे मुले पुढच्या धोक्यांपासून वाचतात, असे त्यात काही आढळले नाही.

पण आम्ही त्याला थेंबही दिला नव्हता. तरी त्याला काहीतरी दिलेच होते. काय, ते मला नोहाच्या गोष्टीत सापडले.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षमळा लावतो, पितो आणि तंबूत उघडा पडतो. हाम ते पाहतो आणि बाहेर येऊन भावांना सांगतो. शेम आणि याफेथ खांद्यावर वस्त्र घेतात, पाठमोरे चालत आत जातात आणि बापाकडे न पाहता त्याला झाकतात. लहानपणापासून आपण हामला दोष देत आलो. पाहिले ते त्याने. पण पाहण्यासारखे करून ठेवले कोणी? आणि त्या दोघा चांगल्या मुलांचे तरी काय? बापाचा मान राखण्यासाठी त्यांना पाठमोरे चालावे लागले.

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करायला लावतो. ती पाळणे त्यांना जमेल असे वागण्याची जबाबदारी कोणाची, हे तिथे कोणी विचारत नाही. आपण मुलाला सोबत नेतो ते त्याच्या सोबतीसाठी नव्हे, त्याची सोय लागत नाही म्हणून. आणि एकदा तो तिथे बसला की त्या टेबलावर शुद्धीत असलेला तो एकटाच. मग शेवटी मोठा कोण?

गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त मद्य आढळले तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास आहे. त्या रात्री मला हे ठाऊक होते. मुलालाही ठाऊक होते. फरक एवढाच की आठवले फक्त त्याला.

मी चिडलो, दोन शब्द बोललो आणि टॅक्सीत बसलो. तो पुढे बसला आणि ड्रायव्हरला पत्ता त्यानेच सांगितला. सकाळी आम्ही दोघे स्कूटर आणायला चालत गेलो. वाटेत तो मासळीबाजाराबद्दल बोलला, फुटबॉलबद्दल बोलला, रात्रीबद्दल एक अक्षर नाही.

परत आलो तेव्हा माझी आई व्हरांड्यात बसली होती. “स्कूटर रात्री तिथेच का ठेवली रे?” तिने विचारले.

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “पेट्रोल संपलं होतं, आजी.”

माझ्याकडे न पाहता तो आत गेला.