पंचाहत्तर इंची शहाणपण

बस. उभा राहून आकडे फेकू नकोस माझ्यासमोर. पंचाहत्तर इंची टीव्ही, पाच पॉइंट एक पॉइंट दोनचा साउंडबार, 'होम थिएटर करून ऱ्हायलो सर'. ऐकलं मी सगळं. आता मी विचारतो त्याचं उत्तर दे. तुझी बैठकीची खोली केवढी आहे? 'असेल दहा बाय बारा.' असेल? एकक लिहिलं नाही म्हणून ज्याचे अर्धे-अर्धे गुण मी कापत आलो, तो लाखभर रुपये घेऊन 'असेल'वर निघाला?

आणि वर मलाच सांगतोस, जीएसटी २८ चा १८ झाला म्हणून टीव्ही दहा टक्क्यांनी स्वस्त झाला. दुकानदाराने सांगितलं आणि तू मान डोलावलीस. बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, इथपर्यंत बरोबर. पण शंभराची वस्तू आधी १२८ ला पडायची, आता ११८ ला पडते. दहा भागिले एकशे अठ्ठावीस कर. किती? ७.८ टक्के. सव्वादोन टक्के तुझ्या हातून तिथल्या तिथे गेले, आणि तू त्याला चहा पाजून आलास. पासष्ट हजारांचा टीव्ही म्हणजे लांब धाग्याचा आठ क्विंटल कापूस, तोही २०२५-२६ च्या ८११० या हमीभावाने. आपल्याकडे तो भाव प्रत्येक वेळी हातात पडतो का, हे तू मला सांगू नकोस, मीही तुला सांगत नाही. आठ क्विंटल वेचायला माणसं किती लागतात, तेवढं घरी विचार.

आता इंचांकडे ये. पंचाहत्तर इंच म्हणजे कर्ण. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. रुंदी सुमारे १६६ सेंटिमीटर, उंची ९३. तुझा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला, समोर शोकेस. डोळ्यापासून पडद्यापर्यंत फार तर आठ फूट, म्हणजे २४४ सेंटिमीटर. घरात बघता काय? केबलच्या साध्या डब्यावरच्या मालिका, बातम्या, जुने सिनेमे. त्या साध्या चॅनेलच्या चित्रात आडव्या रेषा ५७६. ९३ सेंटिमीटरला ५७६ ने भाग. एकेक रेष १.६ मिलिमीटर जाडीची. मानवी डोळा शिकवला होता ना? चांगल्या नजरेला एका अंशाचा साठावा भाग वेगळा दिसतो. आठ फुटांवर तो होतो ०.७ मिलिमीटर. म्हणजे तुला जे दिसू शकतं, त्याच्या दुपटीहून जाड रेघोट्या तू पासष्ट हजार रुपये मोजून भिंतीवर टांगणार. नायिकेच्या चेहऱ्यावर पीठ फासल्यासारखं दिसेल, आणि मग म्हणशील, पीस खराब निघाला.

टीव्ही खराब नसेल. फोर-के चित्रात २१६० रेषा असतात. तेच ९३ सेंटिमीटर २१६० ने भाग, ०.४३ मिलिमीटर येतं. तिथे तुझा डोळा हरतो, चित्र जिंकतं. त्या चित्रासाठी पंचाहत्तरही आठ फुटांवर चालला असता. पण ते चित्र घरात येणार कुठून? इंटरनेटवरून फोर-के हवं तर नेटफ्लिक्सच सांगतं, १५ एमबीपीएसचा वेग हवा, आणि तो सगळ्यात महागडा प्लॅनही हवा. तुझ्या गल्लीत रात्री नऊ वाजता, सगळी पोरं मोबाइल घेऊन बसल्यावर, किती वेग येतो? मोजलास? नाही. तेही 'असेल'. दुकानात दाखवतात तो मोर, ती लाव्हाची नदी, तो टपटपणारा मध, ते सगळं खास चित्रित केलेलं असतं आणि पेनड्राइव्हवरून चालू असतं. तुझ्या घरी मोर यायचा नाही. त्या खोलीला पंचावन्न पुरे. हट्टच असेल तर पासष्ट, पण आधी एचडी चॅनेल सुरू कर आणि नेट मोजून घे. उरलेले पैसे आवाजाला ठेव. का, ते पुढे सांगतो.

लावणार कुठे, हेही विचारलं तर तू बोट कुठे दाखवलंस? लग्नाच्या फोटोच्या रांगेत, दाराच्या चौकटीच्या वर! पोरांचा हात लागू नये म्हणून. मग घरच्या म्हाताऱ्यांनी मान वर करून दोन-दोन तास बसायचं? दिवाणावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येतो. पडद्याचा मध्य तिथे हवा. थोडा वर चालेल. पोरांना शिस्त लाव, टीव्हीला आढ्याला टांगू नकोस.

आणि समोरची ती पश्चिमेची खिडकी? एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला तिथून जे ऊन आत येतं ते दिग्रसमध्ये राहणाऱ्याला मी सांगायचं? तू म्हणतोस क्यूएलईडी आणि ओएलईडी 'एकच असतं सर, नाव वेगळं'. एकच कसं असेल रे बापा! क्यूएलईडी हा एलसीडीच आहे. मागे दिवे, पुढे रंग शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून त्याचा काळा रंग खरोखर काळा. अंधाऱ्या खोलीत रात्री सिनेमा बघणाऱ्याने तो घ्यावा. तुझ्या घरात दुपारी क्रिकेट चालतं, तेही खिडकी उघडी टाकून; तुला भरपूर उजेड फेकणारा मिनी एलईडी किंवा मागे पूर्णभर दिवे असलेला एलसीडी बरा. नुसता कडेला दिवे असलेला स्वस्तातला घेशील तर रात्रीच्या प्रसंगात काळ्याच्या जागी राखाडी दिसेल. आणि घरी आणल्यावर पहिलं काम, तो 'व्हिव्हिड' मोड बंद कर. तो दुकानातल्या ट्यूबलाइटांच्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी असतो, माणसांनी घरात बघण्यासाठी नव्हे. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' लाव. दोन दिवस पिवळट वाटेल. वाटू दे.

आता आवाज. इथे मला खरा राग आला, ते नीट ऐक. तू काय म्हणालास? 'बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठा बार घेतो.' कान दाखवलेस का त्यांचे कोणाला? नाही. ते तर करच. पण त्यांच्याशी अंगणात बसून मी बोलतो तेव्हा त्यांना सगळं ऐकू येतं, हे कसं? मग टीव्हीसमोरच ते 'वाढव, वाढव' का म्हणतात? कारण या बोटभर जाडीच्या टीव्हीचे स्पीकर तोंड खाली किंवा भिंतीकडे करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर, मग फरशीवर, मग बाबांकडे. आपल्या बोलण्यात आ, ई, ओ यांचा जोर मोठा. पण शब्द ओळखू येतो तो स, श, त, क यांच्यावरून, आणि हे वर्ण नाजूक, उच्च कंप्रतेचे. वय झालं की कान आधी तीच कंप्रता सोडतो. तुमच्या खोलीत चकचकीत टाइल, उघड्या भिंती, शोकेसची काच. आवाज त्यांच्यावर आपटून एकमेकांत मिसळतो आणि ते नाजूक वर्ण पार बुडतात. आवाज वाढवला की आ-ओ वाढतात, गोंधळ वाढतो, शब्द तिथेच राहतो. मग सून वैतागते, बाबा गप्प बसतात, आणि घरात ठरतं की म्हाताऱ्याचे कान गेले. ध्वनीचं परावर्तन पाठ करून तू पैकीच्या पैकी गुण घेतलेस ना रे?

घरी जा आणि खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजव. मागे झणझण ऐकू आली तर बारावर एक रुपया खर्च करायच्या आधी खाली जाड सतरंजी अंथर, खिडकीला जाड पडदा लाव, दिवाणावर गोधडी टाक. हे काम तुझी आई आनंदाने करेल आणि बिल येणार नाही.

मग बार. पाच पॉइंट एक पॉइंट दोन याचा अर्थ मी विचारला तर तू म्हणालास 'जास्त स्पीकर'. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या वाहिन्यांचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा वरून येणाऱ्या आवाजाचा. वरचा आवाज येतो कसा? बारमधले स्पीकर छताकडे तोंड करून आवाज फेकतात आणि तो छतावरून परतून डोक्यावर पडतो. त्यासाठी छत सपाट आणि टणक हवं. तू गेल्या वर्षी पायऱ्या-पायऱ्यांचं पीओपी केलंस, मधोमध पंखा, कडेला खाचेत दिवे. आपाती कोन, परावर्तन कोन… सांगू का पुढचं? आणि मागचे दोन स्पीकर ठेवणार कुठे? दिवाण भिंतीला चिकटलेला, एका बाजूला दार, आणि मागे प्लगच नाही. ते स्पीकर शेवटी शोकेसमध्ये टीव्हीच्याच शेजारी बसतील, पैज लाव. तुला तीन पॉइंट एक पुरे आहे. त्यात मधला स्पीकर वेगळा असतो आणि संवाद जवळजवळ सगळा त्याच्यातून येतो. बाबांसाठी पैसे द्यायचे तर त्या मधल्या स्पीकरला दे. संवाद स्पष्ट करायची सोय, रात्री धडामधूम दाबायची सोय, ही बटणं रिमोटवर आहेत का ते बघ. सबवूफर कोपऱ्यात कोंबू नकोस, कोपरा खर्ज फुगवतो. आणि ती भिंत शेजाऱ्याचीही आहे.

त्या दुसऱ्या दुकानातला दहा हजार वॅटचा सेट? 'सर, खोक्यावर लिहिलंय.' खोक्यावर पीएमपीओ लिहिलंय. मागची पट्टी वाचलीस? तिथे पुरवठा शंभर वॅटच्या आत असतो. भिंतीतून शंभर वॅट घेणारं यंत्र दहा हजार वॅट बाहेर देतं, असं मी शिकवलं का तुला? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम दिग्रसच्या वेशीबाहेर ठेवून आलास? आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारे, ते विचार; पीएमपीओवर थुंकूही नकोस. आणि वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबल वाढतो, जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात.

आणि हे सगळं जोडणार ब्लूटूथने! ओठ आधी हलतील, शब्द मागून येतील. टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टजवळ एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं, वायर त्यातच घाल. ओटीटीवरच्या ॲटमॉसला, म्हणजे त्या वरून येणाऱ्या आवाजाला, एआरसी चालतं. ब्लू-रेचा न दाबलेला आवाज हवा तर ईएआरसी. ऑप्टिकल वायरने ॲटमॉस जात नाही, कितीही महाग घेतलीस तरी.

विजेचं तू बोललाच नाहीस. दुकानदार स्टॅबिलायझर गळ्यात मारेल. आजच्या बहुतेक टीव्हींच्या मागे पुरवठ्याचा पल्ला १०० ते २४० व्होल्ट असा छापलेला असतो. वाचून बघ, मग ठरव. तुझ्या घरची खरी भानगड तिसरी पिन आहे. फ्रिजच्या प्लगची ती जाड पिन तुम्ही तोडून दोन पिनांच्या सॉकेटात घातली आहे, मी डोळ्यांनी बघितली. अर्थिंग दुरुस्त करून घे, सर्ज थांबवणारा चांगला बोर्ड लाव, आणि जूनच्या तोंडावर वीज कडाडायला लागली की प्लगही काढ आणि केबलची वायरही काढ. केबलच्या वायरीतूनही झटका येतो, हे लोक विसरतात.

नागपूरहून पिकअपमध्ये आडवा टाकून आणणार होतास म्हणे, पाचशे रुपये वाचवायला. पंचाहत्तर इंची काच आडवी, खाली आपले रस्ते! उभाच आणतात तो, खोक्यावर बाण काढलेला असतो. आणि बिघडला तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, यवतमाळहून की नागपूरहून, हे पैसे देण्याआधी विचारतात, नंतर नाही.

तेव्हा नागपूर राहू दे. दिग्रसच्याच दोन दुकानांत जा, बाजाराच्या दिवशी नको, त्या गलबल्यात काही कळत नाही. बाबांना सोबत ने. मोराची चित्रफीत बंद करायला लाव आणि मराठी बातम्या लाव, साध्या, केबलवरच्या. मग 'ख्वाडा' सिनेमा लाव. त्याच्या जागेवरच मुद्रित केलेल्या आवाजाला राष्ट्रीय पुरस्कार आहे, वाऱ्यातले संवाद कसे ऐकू येतात बघ. मग 'सैराट'. त्याच्या संगीतातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसला मुद्रित झाला होता, आणि तू तो आजवर मोबाइलच्या तोंडातून ऐकलास. बाबांना खुर्चीवर आठ फुटांवर बसव आणि आवाज कमी ठेव. वाक्यावाक्याला थांबवून विचार, काय म्हणाला तो? त्यांनी सांगितलं तर मॉडेल नंबर पूर्ण लिहिलेलं पक्कं बिल घे. ते 'वाढव' म्हणाले तर तो बार तिथेच ठेव आणि दुसरा लावायला सांग. दुकानदाराने कंटाळून बघितलं तरी उठू नकोस.