विद्यावृत्ती : दान की ऋण?

विठ्ठलवाडीच्या फलाटावर मुद्रांकावरील हमीपत्र वहीत जपून मुंबईची गाडी पाहणाऱ्या तरुण संशोधकाला मिळालेली सरकारी विद्यावृत्ती दान समजावी की ऋण, हा प्रश्न हिशेबाइतकाच धर्माचाही आहे. परतफेडीची अपेक्षा न धरता, देश, काल व पात्र पाहून दिलेले दान गीतेने सात्त्विक मानिले. परंतु पेशवाईतील श्रावणमास दक्षिणेने ती पात्रता ब्राह्मण्याशी जखडून टाकली, आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडिले तेव्हा तो निकष पालटला, तरी संस्थानच्या नोकरीचा करारनामा सोबत होताच. तो पाळण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. पण कचेरीत अवहेलना आणि शहरात राहावयास जागा नाही, अशा अवस्थेत खुद्द समाजानेच ऋणकोची वाट अडविली. मग ते ऋण बुडाले काय? आपल्या परंपरेत ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून शेकडो मुलांना महाविद्यालयाचे दार उघडणारे बाबासाहेब त्या अर्थाने अनृणी ठरले. सरकारने खर्चाचा दाखला अवश्य मागावा; मात्र ज्याने घेतले त्याने पुढे शिकविले, तरच विद्येची वसुली पुरी झाली असे म्हणावे.