खुर्चीवरचं काम

यंत्र रोजगार खातं, हे किन्हीराजात कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातला हा पट्टा सोयाबीन-तुरीचा. परतीच्या पावसाआधी सोंगणी उरकायला मजूर पुरेनात, म्हणून हार्वेस्टर आला. त्याआधी मळणीयंत्र आलं होतं, तणनाशकही आलं होतं. निंदणाला जाणाऱ्या बायांची रोजी गेली, तेव्हा वैचारिक लेख फारसे लिहिले गेले नाहीत. आता यंत्र खुर्चीपर्यंत पोचलंय, म्हणून आपण लिहिणारे जागे झालोय.

कोरडवाहू घरातला हिशेब सरळ असतो: पोरानं शिकावं, म्हणजे त्याला उन्हात राबावं लागणार नाही. ही खुर्ची फार मोठी नसते. तहसीलमधला लिपिक, डेटा एंट्री ऑपरेटर, पतसंस्थेचा काउंटर, सेतू केंद्र. 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेल्या वाशीममध्ये शेतातून बाहेर पडायची पहिली पायरी बहुधा हीच. आणि नेमकी तीच डळमळते आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ऑगस्ट 2023 च्या अभ्यासात कृत्रिम बुद्धिमत्तेची सर्वाधिक झळ कारकुनी कामांना बसेल असं दिसलं. त्यांतली जवळपास 24 टक्के कामं थेट तिच्या टप्प्यात येतात. गवंडी आणि वायरमन त्या मानानं सुरक्षित.

संगणकाच्या वेळीही अशीच ओरड झाली होती, असं यावर म्हटलं जातं. खरं आहे. आयुर्विमा आणि बँकांमधल्या संघटनांनी संगणकाला विरोध केला, तरी नोकऱ्या बुडाल्या नाहीत. उलट 2001 पासून एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रानं तालुक्याच्या गावातल्या पोरांना कामं मिळवून दिली. पण त्या संगणकाला चालवणारा माणूस लागत होता. या यंत्राचा सगळा डौलच माणूस कमी लागण्यात आहे.

जुलै 2025 मध्ये टीसीएसनं सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास, कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. कारण एआय नव्हे, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीनं सांगितलं. मान्य करू. खेड्यातल्या मुलापुढचा प्रश्न मात्र नोकरी जाण्याचा नाहीच, ती लागण्याचा आहे. कंपनीला त्याला काढावं लागत नाही. भरती आखडली की पुरे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतले अडीच लाखांच्या घरातले गिरणी कामगार संपावर गेले. ते हरले, पण उभं राहायला त्यांच्यापाशी गिरणीचं फाटक तरी होतं. ज्याला नोकरी लागलीच नाही, त्यानं कुठल्या फाटकावर उभं राहायचं?

तरी सेतू केंद्रावरचं सगळंच काम यंत्राचं नव्हे. आधारवर नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं. बाप वारला, वारस नोंद राहिली. दोन भावांच्या हिश्शाचा वाद मिटलेला नाही आणि अनुदानाच्या अर्जाची मुदत उद्या संपते. फॉर्म यंत्र भरेल, कदाचित चुकीच्या गट नंबरासकट, अगदी आत्मविश्वासानं. कोणता कागद खोटा बोलतोय, आधी तलाठ्याकडे जायचं की तहसीलमध्ये, समोरचा वऱ्हाडीत सांगतोय त्यातलं अर्जात काय जायला हवं, हे ओळखणारा माणूस लागेल. अर्ज फेटाळला गेला, तर गावात तोंड दाखवणाराही तोच. माझ्या मते उद्याचा लिपिक तो आहे. आणि त्याला पगारही आजच्यापेक्षा जास्त हवा.

शासनाला हे उमगल्याचं दिसत नाही. जून 2025 मध्ये राज्यानं 500 कोटींच्या महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली. शेतात एआय आणायची घाई आहे. लिपिक-टंकलेखकाकडून मात्र आजही मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचा वेग मागितला जातो. बोललेलं मराठी फोनवर आपोआप उमटण्याच्या काळात पोरं बोटांच्या वेगासाठी शुल्क भरतात, महिनेच्या महिने घालवतात. वेगाची अट काढा. त्याऐवजी उमेदवारापुढे यंत्रानं भरलेला अर्ज ठेवा, सोबत सातबारा, फेरफार आणि आधार द्या, आणि चुका शोधायला सांगा. पुढच्या भरतीची जाहिरात निघण्याआधी एवढा बदल करायला सामान्य प्रशासन विभागाला कुठल्याही एआयची गरज नाही.